हाताचं काम आणि जिवाचं काम

(विहाराच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने आम्हाला विषय दिला आहे, ‘जीवनाचे ध्येय आणि परिश्रम’. विषय मोठा, आणि आमचं शिक्षण सातवी पास. पुढचं जे काही शिकलो ते गिरणीत, या विहाराच्या सतरंजीवर आणि रद्दीवाल्याच्या दुकानात. तेव्हा भाषा कुठे खडबडीत लागली तर सांभाळून घ्यावी.

हा विषय समितीला सुचला तो अभ्यासिकेतल्या एका पोरामुळे. तो आम्हाला म्हणाला, “काका, तुमचं बरं होतं. भोंगा झाला की गिरणीत जायचं, एवढंच ठाऊक होतं. आम्हाला काय करायचं तेच कळत नाही. बी. कॉम. झालो, परीक्षा दिल्या, आता डिलिव्हरीचं काम करतो. पण माझं काम कोणतं, ते सापडत नाही.” आम्ही त्याला तेव्हा उत्तर दिलं नाही. तोंडाला येईल ते उत्तर देण्यासारखा हा प्रश्न नव्हे. म्हणून आज इथे सर्वांसमक्ष बोलत आहोत.

पहिली गोष्ट ही, की ‘माझं काम कोणतं’ हा प्रश्न विचारण्याची मुभा आपल्या पंज्याला नव्हतीच. त्यांचं काम जन्माच्या आधी ठरलेलं होतं. गावकी करायची, सांगावा पोचवायचा, मेलेलं जनावर ओढायचं, पाटील-कुलकर्ण्यांच्या हाकेला दिवस-रात्र हजर राहायचं. आणि बदल्यात काय, तर वतनाचा जमिनीचा तुकडा आणि बलुतं. याला गाव ‘मान’ म्हणत होतं! बाबासाहेबांनी हा मान ओळखला होता. १९२७ साली महाडच्या परिषदेत त्यांनी ही हलकी कामं आणि शिळे तुकडे सोडायला सांगितलं. १९२८ च्या मार्चमध्ये मुंबईच्या कायदे कौन्सिलात वतनाच्या १८७४ च्या कायद्यात दुरुस्ती करणारं बिल आणलं. ते वतन कायद्याने संपायला १९५८ साल उजाडावं लागलं. म्हणजे बाबासाहेबांच्या परिनिर्वाणानंतर दोन वर्षं. आमच्या आजोबांनी मात्र कायद्याची वाट पाहिली नाही. एका रात्री गाव सोडलं आणि मुंबईची वाट धरली.

म्हणून आम्ही तरुणांना सांगतो, कोणी तुम्हाला व्यासपीठावरून सांगितलं की वाट्याला आलेलं काम हीच पूजा समजा, तर हात वर करून एक प्रश्न विचारा. वाटलं कोणी? बाबासाहेबांनी १९३६ सालीच लिहून ठेवलं आहे की जातिव्यवस्था ही नुसती कामाची वाटणी नाही, ती काम करणाऱ्या माणसांचीच वाटणी आहे. जे काम नाकारता येत नाही त्याला ध्येय म्हणता येत नाही, त्याला वेठ म्हणतात. एवढं एकदा पक्कं केलं की मग परिश्रमाबद्दल बोलायला आम्ही मोकळे.

आता गिरणीकडे येऊ. आपले लोक कोकणातून, साताऱ्याहून, नगर-नाशिकहून मुंबईत आले. गिरणीत जात नसेल असं त्यांना वाटलं होतं. पण जात त्यांच्या आधीच गाडीत बसून आली होती. विणाई खात्यात पगार जास्त. तिथे आपल्या माणसाला घेत नसत. कारण काय? धोट्यातली कांडी संपली की नवी घालून धाग्याचं टोक तोंडाने ओढून घ्यावं लागे. त्या धोट्याला अस्पृश्याचं तोंड लागलं तर बाकीचे बाटणार! यंत्र विलायतेचं, कापूस कुठला कुठला, मालक तिसराच, पण धोटा मात्र सोवळा. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला आणि मागण्यांमध्ये घ्यायला लावला. आमचे आजोबा रिंग खात्यात होते. वडील रिंग खात्यात. १९८८ साली आम्ही बदली कामगार म्हणून लागलो तेही रिंग खात्यातच. याला कोणी योगायोग म्हणत असेल तर म्हणो.

पण त्या रिंग खात्यानेच आम्हाला बरंच शिकवलं. ज्यांनी ते खातं पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. वरून कापसाची जाडसर वात खाली येते, रुळांमध्ये ताणली जाते, तिला पीळ बसतो आणि खाली चातीवर फिरणाऱ्या बॉबिनवर सूत गुंडाळलं जातं. बॉबिनभोवती लोखंडी रिंग, आणि त्या रिंगवर नखाएवढी छोटी कडी सूत धरून पळत असते. तिला आम्ही ट्रॅव्हलर म्हणायचो. ही कडी वजनाने जड झाली की सुतावर ताण येतो आणि धागे पटापट तुटतात. हलकी झाली तर धागा फुगतो, बॉबिन पोकळ भरते. त्या सुताच्या नंबराला बेताची कडी लागते. कामगाराचं काम म्हणजे दोन साच्यांच्या मधल्या गल्लीत आठ तास चालायचं आणि जिथे धागा तुटला तिथे बोटाने सांधा मारायचा. साचा थांबत नाही, तुम्हीही थांबायचं नाही. हवेत दमटपणा, कारण कोरड्या हवेत सूत तुटतं. नाकातोंडात कापसाचे तंतू. त्या धुळीने आमच्या कितीतरी सोबत्यांच्या छात्या गेल्या. खोकत खोकत गेले बिचारे. तेव्हा आम्ही इथे श्रमाचे गोडवे गायला उभे नाही.

त्या काळात पहिली पाळी सकाळी सातला, दुसरी साडेतीनला आणि तिसरी रात्री बाराला. तिसऱ्या पाळीहून आलो की झोप लागायची नाही, म्हणून विहाराच्या कपाटातली पुस्तकं वाचायला लागलो. अशाच एका सकाळी सोण स्थविराची गोष्ट वाचनात आली. सोण हा चंपा नगरीतल्या श्रीमंत घरचा. पावलं इतकी नाजूक की सगळीकडे त्याची चर्चा. भिक्खू झाल्यावर राजगृहाजवळच्या सीतवनात तो चालत चालत साधना करू लागला, इतकी की पाय फुटून वाट रक्ताने भरली. तरी मनाला शांती नाही. मग त्याच्या मनात आलं, घरी पैसा आहे, परत जावं, दानधर्म करावा, झालं. भगवान बुद्धांनी त्याला विचारलं की तू पूर्वी वीणा वाजवायचास ना? तारा फार ताणल्या तर सूर लागायचा का? नाही. सैल सोडल्या तर? तरीही नाही. तसंच प्रयत्नाचं आहे. बंधूंनो, आम्ही वीणा कधी हातात धरली नाही. पण हे वाचलं आणि आमच्या डोळ्यांसमोर ती लोखंडी कडी आली. अडीच हजार वर्षांपूर्वीची गोष्ट रिंग खात्यातल्या माणसाला एका दमात कळली!

याचा अर्थ व्यवहारात काय? पहिल्या महिन्यात रात्रभर जागून अभ्यास करणारी आणि तिसऱ्या महिन्यात पुस्तक विकून टाकणारी मुलं आम्ही या अभ्यासिकेत पाहिली. आणि रोज दोनच तास, पण सहा वर्षं बसलेली एक मुलगीही पाहिली. आज ती परिचारिका आहे. तिची आई चार घरची धुणीभांडी करायची. रात्री नऊ ते अकरा मुलीशेजारी बसून स्वतः पेंगायची, पण उठायची नाही. बाबासाहेबांच्या लहानपणी परळच्या चाळीत हेच चाललं होतं. एकच खोली, माणसं जास्त. सुभेदार रामजी बाबा रात्री दोनपर्यंत जागे राहायचे, मग मुलाला अभ्यासाला उठवायचे आणि स्वतः झोपायचे. आपण बाबासाहेबांच्या पदव्या मोजतो, त्या मोजायलाच हव्यात. पण रात्री दोन वाजता उठवणारा तो बाप आमच्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

आणखी एक प्रसंग सुत्तनिपातात आहे. मगध देशात एकनाला गावात भारद्वाज नावाचा ब्राह्मण शेतकरी. पेरणीचे दिवस, पाचशे नांगर जुंपलेले, माणसांना जेवण वाटप चालू. भगवान तिथे भिक्षेला उभे राहिले. तो म्हणाला की आम्ही नांगरतो, पेरतो आणि मग खातो. तुम्हीही नांगरा, पेरा आणि खा. आता हा टोमणा कामकरी माणसाला लगेच पटणारा आहे. आम्हालाही पटला. पण भगवान रागावले नाहीत. मीही नांगरतो आणि पेरतो, असं सांगून त्यांनी आपली शेती त्याला समजावली. बी कोणतं, पाऊस कोणता, जू कोणतं, आणि जुंपलेला बैल म्हणजे स्वतःचा प्रयत्न. त्या ब्राह्मणाने खूश होऊन खीर पुढे केली, ती त्यांनी घेतली नाही. उपदेशाची मजुरी म्हणून मिळालेलं अन्न त्यांना चालत नव्हतं. (आजकालच्या काही वक्त्यांच्या पाकिटाबद्दल आम्ही इथे काही बोलत नाही.) आम्हाला यातून कळलं ते असं, की माणसाची दोन कामं असतात. एक पोट भरणारं, हाताचं काम. दुसरं जिवाचं काम. कधी दोन्ही एकच निघतात, तो भाग्यवान. बहुतेकांची वेगळीच असतात, आणि त्यात वाईट काही नाही. फक्त पहिलं काम स्वच्छ पाहिजे. शस्त्रांचा, माणसांचा-प्राण्यांचा, मांसाचा, दारूचा, विषाचा व्यापार उपासकाने करू नये, असं भगवंतांनी सांगितलं आहे. आपल्या वस्तीत यातली एक वस्तू कोणत्या दोन घरांत मिळते ते सगळ्यांना माहीत आहे. नाव घेत नाही. ती घरंही आपलीच आहेत, आणि तिथली मुलं याच अभ्यासिकेत येतात.

सम्यक आजीविका ही एकट्या कामगाराने पाळायची गोष्ट आहे असंही समजू नका. सिगालोवाद सुत्तात मालकाची कर्तव्यं दिली आहेत. कामगाराच्या ताकदीप्रमाणे काम द्यावं, अन्न व वेतन द्यावं, आजारपणात काळजी घ्यावी, घरात गोडधोड झालं तर त्याला वाटा द्यावा, वेळेवर सुट्टी द्यावी. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा आम्ही पान उलटून पुन्हा वाचलं. बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्याच कारकिर्दीत, १९४६ साली, कारखान्यांतले आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले. आणि आपण रविवारी सकाळी इथे वंदना घेतो ना, तो रविवारही असाच मिळालेला आहे. जोतीराव फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना काढली, सभा घेतल्या, अर्ज केले, तेव्हा १८९० साली रविवारची सुट्टी मिळाली. लोखंडे स्वतः गिरणीत स्टोअरकीपर होते. हाताचं काम स्टोअरचं, जिवाचं काम कामगारांचं. प्लेगच्या साथीत लोकांची सेवा करता करता १८९७ साली प्लेगनेच गेले.

आता वामनदादांबद्दल बोलतो. महाकवी वामनदादा कर्डक. त्यांची गाणी आपल्या बायाबापड्यांना तोंडपाठ आहेत, पण त्यांना अक्षर कसं आलं हे मुलांना सांगितलं पाहिजे. १५ ऑगस्ट १९२२ रोजी सिन्नर तालुक्यातल्या देशवंडी गावात त्यांचा जन्म. शाळा नाही. मुंबईला आले. गिरणी झाली, कोळशाची वखार झाली, पडेल ते काम झालं. वय विशीचं. शिवडीच्या चाळीत राहत असताना एकाने त्यांच्या हातात पत्र दिलं, जरा वाचून दाखव म्हणाला. दादांना वाचता येत नव्हतं. त्या गोष्टीची त्यांना इतकी लाज वाटली की ते रडले. मग देहलवी नावाच्या गृहस्थांकडून मुळाक्षरं गिरवून घेतली, आणि रस्त्याने जाताना दुकानांच्या पाट्या वाचत वाचत जोडाक्षरं शिकले. १९४३ साली पहिलं गाणं रचलं. तिथून २००४ पर्यंत, म्हणजे देह ठेवीपर्यंत, गावोगाव फिरून त्यांनी बाबासाहेब पोचवले. जिथे वर्तमानपत्र जात नव्हतं तिथे दादांचं गाणं गेलं.

बघा, या माणसाला ध्येय कुठे सापडलं? डोळे मिटून बसल्यावर नाही. दुसऱ्याचं पत्र वाचता आलं नाही, तिथे सापडलं. आपल्या हातून दुसऱ्याचं काय अडलं, हे ज्याला बोचतं त्याचं काम त्याला सापडतं, असा आमचा अनुभव आहे. त्या बी. कॉम. झालेल्या पोराला आमचं हे पहिलं उत्तर.

दुसरं उत्तर जरा कडू आहे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. आम्ही तेव्हा शाळेत होतो. वडील संपात होते, आणि सातवीनंतरची आमची शाळा त्या संपात बुडाली ती कायमची. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही, लोक एकेक करून आत गेले किंवा गावाला गेले. पुढे आम्ही ज्या गिरणीत लागलो तीही २००१ साली बंद पडली. सकाळी गेलो तर दाराला नोटीस. देणी किती वर्षांनी आणि किती मिळाली ते बोलत नाही, इथे बसलेल्या कित्येकांचा तोच हिशोब आहे. बोलायचं आहे ते त्यानंतरच्या दोन वर्षांबद्दल. आमच्या गल्लीत खाडा म्हणून ज्यांना ठाऊक नव्हता असे धडधाकट गडी सकाळी सात वाजता अंघोळ करून, कपडे घालून ओट्यावर बसून राहायचे. जायचं कुठे ते ठाऊक नाही. भोंगा बंद झाला आणि आतला माणूसही बंद पडला. काही दारूत गेले. दोघांनी जीव दिला. त्यांच्या बायका आज इथे आहेत, म्हणून जास्त बोलत नाही.

आणि त्याच गल्लीत काहीजण उभे राहिले. पैसा त्यांच्याकडेही नव्हता. मग फरक काय होता, हे आम्ही पुष्कळ दिवस मनात घोळवलं. एकजण संध्याकाळी मुलांना लेझीम आणि कवायत शिकवायचा. गिरणी गेली तरी संध्याकाळचे सहा वाजत होते आणि मुलं दारात उभी राहत होती. एकाची गायन पार्टी होती. एक बाई वाइंडिंग खात्यातल्या, त्या महिला मंडळाच्या भिशीचा हिशोब ठेवायच्या. त्यांना कोणी नोटीस लावली नाही. आम्ही स्वतः या विहाराच्या पुस्तकांच्या कपाटाची किल्ली सांभाळत होतो. कपाट ते केवढं, दोन पत्र्याची दारं आणि सव्वादोनशे पुस्तकं. पण खरं सांगतो, गिरणी बंद झाल्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सात वाजता एक मुलगा पुस्तक मागायला आला, आणि आम्हाला ओट्यावरून उठावं लागलं.

पुढे आम्ही भिवंडीला यंत्रमागावर गेलो. कायद्यात आठवड्याचे ४८ तास, तिथे पाळी बारा तासांची. मग एका प्रोसेस हाऊसमध्ये लागलो, अजून तिथेच आहोत. कापडाचा पिच्छा काही सुटला नाही. लोक विचारतात, बारा तास राबून वर ही विहाराची कटकट कशाला? आमच्या मंडळींनीही विचारलं होतं. तिला सांगितलं, बारा तास मालकाचे, झोपेचे सहा, येण्याजाण्याचे तीन. उरलेल्या तिनांतला एक आमचा आहे. तो गेला तर मग आमचं काहीच राहत नाही. ती म्हणाली, “आणि माझा कुठला?” प्रश्न रास्त होता. तेव्हापासून मंगळवार-शुक्रवारी घरचा स्वयंपाक आम्ही करतो आणि ती महिला मंडळाच्या पाली पाठाच्या वर्गाला येते. भाजी खारट होते असं तिचं म्हणणं आहे. पण इथे बसलेल्या बांधवांनी हा हिशोब आपापल्या घरी जरूर करून पाहावा. ध्येयाची भाषणं पुरुषांनी करायची आणि त्यासाठी लागणारा वेळ बाईने आपल्या झोपेतून काढून द्यायचा, ही पण एक वतनदारीच आहे.

त्या पोराला आता शेवटचं सांगतो. तो दाराशी उभाच आहे, आम्हाला दिसतो. बाळा, डिलिव्हरीचं काम हलकं नाही. पण कंपनीने तुझ्या पाठीवर लावलेली पेटी म्हणजे तू नव्हेस, जसा आमचा बदली नंबर म्हणजे आम्ही नव्हतो. परीक्षा दे, चांगली नोकरी बघ, संघटना कर, अपघात झाला तर कोण भरून देणार ते आजच विचारून ठेव. आणि ध्येय सापडेपर्यंत हातावर हात ठेवून थांबू नकोस. आठवी ते दहावीच्या अकरा मुलांना गणित शिकवायला माणूस नाही. तू बी. कॉम. आहेस. मंगळवारी आणि गुरुवारी, रात्री साडेआठ ते साडेनऊ. खडू-फळा आहे. पंखा एक चालतो, एक नाही, तो वायरमन असलेल्या कोणा उपासकाने या आठवड्यात बघून द्यावा अशी विनंती आहे.

कपाटाची किल्ली आमच्याकडे आहे, आम्ही सात वाजता इथे असतो. आता भन्तेजी धम्मपालन गाथा घेतील, त्याआधी मागच्या तरुणांनी चपला बाहेर ठेवून आत येऊन बसावं, पुढे जागा आहे.

नमो बुद्धाय. जयभीम.